येलचे ‘हाउस’ की परड्यूचे केंद्र: कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या पाठीशी कोण असते?

अमेरिकेतील शाळांमध्ये शिकवणाऱ्या किंवा प्रवेशासंबंधी सल्ला देणाऱ्या मराठी मंडळींची संख्या आता बरीच आहे. येल आणि परड्यू या दोन्ही विद्यापीठांची प्रवेशपत्रे हाती असलेला एखादा कृष्णवर्णीय विद्यार्थी त्यांच्याकडे आला, तर शुल्क आणि अभ्यासक्रमाविषयी सांगता येण्यासारखे पुष्कळ असते. परंतु घरापासून दूर गेल्यावर आपल्याकडे लक्ष देणारे तेथे कोण असेल, या त्याच्या प्रश्नाचे उत्तर माहितीपत्रकात सापडत नाही. हा आढावा तेवढ्याच प्रश्नापुरता आहे.

दोन्ही विद्यापीठांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी सांस्कृतिक केंद्र आहे. दोन्ही केंद्रांचा जन्म 1969 चा, आणि दोन्ही विद्यार्थ्यांनी मागून, भांडून मिळवलेली. परड्यू येथे 1968 च्या मे महिन्यात कृष्णवर्णीय विद्यार्थी कागदी पिशव्यांतून एकेक वीट घेऊन प्रशासकीय इमारतीवर चालून गेले आणि त्या विटा त्यांनी पायऱ्यांवर रचून ठेवल्या. त्याच वर्षी तेथे रुजू झालेल्या हेलन बास विल्यम्स या विद्यापीठातील पहिल्या कृष्णवर्णीय प्राध्यापक होत्या. त्या फ्रेंच शिकवीत. तथापि विद्यार्थ्यांची खरी ये-जा त्यांच्याकडे सल्ल्यासाठी असे, आणि केंद्र उभे राहण्यातही त्यांचा हात होता. अशी व्यक्ती नेमणुकीच्या पत्रात लिहिलेल्या कामापेक्षा कितीतरी अधिक काम करीत असते, हे पुढील तुलना वाचताना ध्यानात ठेवावे.

येलमधील केंद्र न्यू हेवन येथील पार्क स्ट्रीटवरच्या एका जुन्या घरात आहे. विद्यार्थी त्याला नुसते ‘हाउस’ म्हणतात. तेथील व्यवस्थेचा कणा म्हणजे संचालकाचा दुहेरी हुद्दा. केंद्राचा संचालक हाच येल कॉलेजच्या अधिष्ठाता कार्यालयातील अधिकारीही असतो. त्यामुळे एखाद्या विद्यार्थ्याचे प्रकरण अडकले, आर्थिक मदतीचा घोळ झाला किंवा सत्र सोडण्याची वेळ आली, तर त्याची बाजू मांडणारा माणूस निर्णय होतो त्याच खोलीत बसलेला असतो. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी वरच्या वर्गांतील ‘पीअर लिएझन’, म्हणजे सोबत करणारे विद्यार्थी, नेमलेले असतात. त्यांच्याकडे शिक्षेचा वा गुणांचा कोणताही अधिकार नसल्याने, जे अधिकाऱ्यापुढे बोलवत नाही ते त्यांच्यापाशी बोलता येते. निवासी कॉलेजचा (येलचे विद्यार्थी ज्या वसतिगृहवजा विभागांत वाटलेले असतात, त्यांपैकी एकाचा) अधिष्ठाता आणि तेथील ज्येष्ठ समुपदेशक विद्यार्थी हे आणखी वेगळे. वंशभेदाविरुद्ध विद्यार्थ्यांनी 2015 मध्ये केलेल्या आंदोलनानंतर येलने आपल्या चारही सांस्कृतिक केंद्रांचे अंदाजपत्रक दुप्पट करण्याचे जाहीर केले होते.

उणीव म्हणाल तर ती याच सुबत्तेत आहे. मदत करणारे इतके असताना नेमके कोणाकडे जायचे हे विद्यार्थ्यालाच ठरवावे लागते, आणि मला मदत हवी आहे असे तोंडाने म्हणावे लागते. पहिल्या सत्रात गुण घसरलेला, घरातून पहिल्यांदाच विद्यापीठात आलेला मुलगा नेमके तेच करीत नाही.

परड्यूची पद्धत मुळापासून निराळी आहे. 1973 मध्ये संचालक म्हणून आलेले अँटोनियो झमोरा स्वतः गायक होते आणि वीस वर्षांहून अधिक काळ ते त्या पदावर राहिले. केंद्राची घडण कलापथकांभोवती झाली: गायनवृंद, नृत्यपथक, नाट्यपथक आणि लेखकांचा गट. 1999 मध्ये केंद्राला स्वतंत्र इमारत मिळाली; तीत ग्रंथालयही आहे. दर वर्षी शरद ऋतूत पथकांतील विद्यार्थी आणि कर्मचारी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाशी निगडित एखाद्या प्रदेशाचा अभ्यासदौरा करतात, आणि परतल्यावर त्या सामग्रीवर कार्यक्रम बसवतात. येथे मदत आडवाटेने पोहोचते, आणि माझ्या मते तीच या केंद्राची मोठी जमेची बाजू आहे. दर आठवड्याला तालमीला येणारी मुलगी दोनदा आली नाही, तर पथकाच्या मार्गदर्शकाला ते कळते आणि तो विचारपूस करतो. तिला कोणाचेही दार ठोठावावे लागत नाही.

अभियांत्रिकीला जाणाऱ्यासाठी परड्यूत आणखी एक आधार आहे. कृष्णवर्णीय अभियंत्यांची जी राष्ट्रीय संघटना आज देशभर पसरली आहे, तिचे मूळ येथील विद्यार्थ्यांनी 1971 मध्ये काढलेल्या गटात आहे. 1975 मध्ये तिला राष्ट्रीय रूप आले. थर्मोडायनॅमिक्समध्ये अडलेल्याला गायनवृंदाचा काय उपयोग, असे कोणी म्हणेल, तर त्याचे उत्तर या संघटनेत मिळते. गाण्यानाचण्यात मुळीच रस नसलेल्या आणि अभियांत्रिकीबाहेरच्या विद्यार्थ्याला मात्र परड्यूचे केंद्र काहीसे परके वाटू शकते, हे मान्य केले पाहिजे.

येल खासगी विद्यापीठ आहे, परड्यू इंडियाना राज्याचे सार्वजनिक. हा फरक आता केवळ शुल्कापुरता राहिलेला नाही. सार्वजनिक संस्थांतील विविधता व समावेशनाच्या कार्यक्रमांवर बंधने घालणारा कायदा युटा राज्यात 2024 मध्ये लागू झाला, आणि त्यानंतर युटा विद्यापीठाचे कृष्णवर्णीय सांस्कृतिक केंद्र बंद झाले. सांस्कृतिक कार्यक्रम एका कार्यालयाकडे गेले आणि विद्यार्थ्यांना मदत करण्याचे काम सर्वांसाठीच्या दुसऱ्या कार्यालयाकडे. कार्यक्रम करणारा आणि अडचणीत धावून येणारा माणूस एकच असणे, हाच या केंद्रांचा प्राण होता आणि नेमके तेच तेथे तोडले गेले. सार्वजनिक विद्यापीठ निवडणाऱ्याने त्या राज्याच्या विधिमंडळात काय चालले आहे यावर नजर ठेवणे म्हणूनच भाग आहे. खासगी विद्यापीठेही केंद्र सरकारच्या दबावापासून मुक्त नाहीत, पण राज्याच्या अशा कायद्याची थेट झळ त्यांना सहसा लागत नाही.

माझा कल सांगायचा तर, स्वतःहून बोलणाऱ्या, हक्काने मागणाऱ्या विद्यार्थ्याला मी येलकडे पाठवीन. तेथील संचालकाच्या हुद्द्याचा त्याला पुरेपूर उपयोग होईल. बुजऱ्या, अडचण गिळून टाकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी, विशेषतः त्याला अभियांत्रिकी हवी असेल तर, परड्यू अधिक बरे. मात्र 1 मेपर्यंत होकार कळवण्यापूर्वी दोन्ही केंद्रांना ईमेल करून संचालकाचे पद भरलेले आहे का, ती व्यक्ती किती वर्षे तेथे आहे आणि उन्हाळी सुटीत केंद्रात कोण असते, हे विचारून घ्यावे. उत्तर कोणाच्या सहीने आणि किती दिवसांत येते, याचीही नोंद ठेवावी.