अकरा महिन्यांनंतरचं गच्चीवरचं ग्रीनहाउस, आणि एका टेपची रड

सहा बाय आठ फुटांचं, ट्विनवॉल पॉलिकार्बोनेट (म्हणजे दोन थरांच्या प्लास्टिकच्या) शीटचं, अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याचं. मागच्या नोव्हेंबरात घेतलं, कारण निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की आमच्या नाशिकच्या गच्चीवरचे ऑर्किड दुसऱ्या दिवशी मान टाकायचे. थंडीत त्याने काम चोख केलं. फेब्रुवारीपर्यंत घरी येईल त्याला मी जिना चढवून वर नेत होतो. बायको म्हणायची, आधी चहा तरी घेऊ द्या त्यांना.

जुलैत शीटवर हिरवे उभे पट्टे दिसले. शेवाळ, दुसरं काय. आतून फडक्याने पुसलं, जाईना. बाहेरून पुसलं, जाईना. शेवटी नखाने खरवडलं तेव्हा उजेड पडला: शेवाळ शीटच्या पोटात होतं, दोन थरांमधल्या त्या बारीक नळ्यांत. नळ्यांची तोंडं उघडी. वरच्या तोंडाला अ‍ॅल्युमिनियमची टेप आणि खालच्या तोंडाला बारीक भोकांची टेप लावायची असते. आत साचलेली वाफ खालून निघून जाते, पण धूळ आणि मुंग्या शिरत नाहीत. फिटरने दोन्हीपैकी एकही लावली नव्हती.

कंपनीला फोन केला. उत्तर मिळालं, "सर, टेप किटमध्ये येत नाही." एवढ्या हजारांच्या वस्तूत तीनशे रुपयांची टेप येत नाही! चारदा फोन केले, चारही वेळा हेच वाक्य. चौथ्या वेळी वर एक सल्लाही मिळाला: आतले पांढरे डाग जात नसतील तर टॉयलेट क्लिनर मारा. (आमचं बोअरचं पाणी, क्षारांचे डाग सगळीकडे.)

हा सल्ला ऐकला तेव्हा माझ्या पायाशी कुंड्या बुडवायला कालवलेल्या ब्लीचची बादली होती. टॉयलेट क्लिनरमध्ये आम्ल असतं. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि दार लावलेल्या त्या खोपटात तो नाकातोंडात जायला वेळ लागत नाही. व्हिनेगरचंही तेच, ते घरगुती म्हणून निरुपद्रवी समजू नका. माझ्या हातात बाटली नव्हती हे नशीब. आता क्षारांचे डाग वेगळ्या दिवशी, पातळ व्हिनेगरने. ब्लीच फक्त कुंड्या आणि ट्रे यांना: आधी माती धुऊन काढायची, कारण मातीत ब्लीचचा जोर मरतो, मग एकास नऊ पाण्यात दहा मिनिटं, मग नळाखाली स्वच्छ. तेही गच्चीवर उघड्यावर, हातमोजे घालून. सांगाड्याला ब्लीच लावत नाही, अ‍ॅल्युमिनियम खातं ते.

शीटला फक्त कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे चार थेंब आणि जुना मऊ बनियन. तारेची घासणी लावाल तर ओरखड्यांचं जाळं कायमचं राहील. स्टिकरचा गोंद काढायला मी एका कोपऱ्यात थिनर लावून बसलोय. तिथे केसासारख्या चिरा पडल्या आहेत, उन्हात चमकतात. दोष माझा, कंपनीचा नाही.

वेळ सकाळी सातची. नऊनंतर आत भट्टी होते. आधी झाडं बाहेर, मग पंख्याचा आणि दिव्यांचा प्लग काढायचा, स्विच बंद करून भागत नाही. दार उघडं ठेवून वरून खाली धुवत यायचं. फरशीवरचं शेवाळ मात्र सगळ्यात आधी खराट्याने काढायचं. मी ते शेवटाला ठेवलं होतं, आणि हातात बादली घेऊन जो बसलो, तो आठवडाभर उशीवरच बसत होतो.

एका बाबतीत मत बदललंय. छतावरच्या खिडकीला मेणाच्या नळीचा ओपनर येतो; ऊन चढलं की आतलं मेण फुगतं आणि खिडकी वर उचलते, वीज लागत नाही. घेताना मला तो पैसे काढायचा धंदा वाटला होता. पण धुतल्यानंतरचा ओलावा दुपारपर्यंत त्या खिडकीतूनच निघून जातो, आणि पूर्वी पानांखाली जी बुरशी धरायची ती यंदा दिसली नाही. ओपनरचे पैसे वसूल.

टेप शेवटी मीच आणली, दोन्ही प्रकारची, तीनशे चाळीस रुपये. खालच्या पट्ट्यांचे स्क्रू काढून शीट सुटी केली, नळ्यांमधून पाइपने पाणी सोडलं, मग नातवाच्या सायकलचा पंप लावून एकेक नळी फुंकली. अख्खा रविवार गेला. दोन दिवस उभी करून वाळवली आणि मगच टेप चिकटवली. सहापैकी पाच शीट आरपार स्वच्छ. सहावी उत्तरेच्या बाजूची, तिच्यातली मधली तीन-चार नळ्यांची हिरवी रेघ जात नाही. टेपचा अर्धा रोल उरलाय, पावती कंपनीला मेल केली आहे.