लाफित की मुतों: इतिहासापोटी एकच बाटली घ्यायची असेल तर

फ्रान्समध्ये बोर्दो शहराच्या उत्तरेला, मेदॉक भागातील पोयाक येथे शातो लाफित रोत्शिल्ड आणि शातो मुतों रोत्शिल्ड (‘शातो’ म्हणजे वाइन बनवणारी इस्टेट) यांच्या द्राक्षबागा एकमेकींना लागून आहेत, आणि आडनाव एकच असल्यामुळे नवख्या ग्राहकाला दोन्हींचा मालकही एकच वाटतो. प्रत्यक्षात या एकाच घराण्याच्या दोन शाखा आहेत. नॅथॅनिएल यांनी १८५३ मध्ये मुतों विकत घेतली. त्यांचे काका आणि सासरे जेम्स यांनी १८६८ मध्ये लाफित घेतली व काही महिन्यांतच ते वारले.

लाफितला मोठेपणासाठी झगडावे लागले नाही. अठराव्या शतकात सेग्युर घराण्याकडे असतानाच तिचा लौकिक झाला होता, आणि १८५५ मध्ये बोर्दोच्या वाइनच्या, मुख्यतः बाजारभावावरून झालेल्या प्रतवारीत ती प्रथम श्रेणीत गेली. तिचे लेबल आजही जवळपास तसेच साधे आहे.

मुतोंला मात्र त्याच यादीत दुसरी श्रेणी मिळाली आणि हा सल तिथे ११८ वर्षे टिकला. १९२२ मध्ये नॅथॅनिएल यांचे पणतू, विशीतले फिलीप यांनी कारभार हाती घेतला. तोवर वाइन पिंपांतून बोर्दोच्या व्यापाऱ्यांकडे जाई आणि बाटल्या तेच भरत. फिलीप यांनी १९२४ पासून सगळी वाइन इस्टेटीतच बाटलीबंद करायला घेतली. मग पिंपे ठेवायला जागा पुरेना, म्हणून १९२६ मध्ये शंभर मीटर लांबीचे कोठार बांधावे लागले. १९४५ च्या लेबलावर दुसऱ्या महायुद्धातील विजयाचे ‘व्ही’ अक्षर आले आणि त्यानंतर जवळजवळ दर वर्षी नव्या चित्रकाराचे चित्र. मोबदला पैशांत नव्हे, वाइनच्या पेट्यांत. अखेर १९७३ मध्ये कृषिमंत्री जॅक शिराक यांच्या सहीने मुतों प्रथम श्रेणीत आली. त्या वर्षीच्या बाटलीवर पिकासोचे चित्र आहे.

म्हणून केवळ इतिहासासाठी पैसे मोजायचे असतील, तर माझा कौल मुतोंला आहे, कारण तिचा इतिहास लेबलावर वर्षागणिक वाचता येतो. चवीसाठीच घ्यायची असेल, तर लेबलाच्या मोहात न पडता लाफितचाही विचार जरूर करावा. मुतोंच घ्यायची ठरली, तर मराठी संग्राहकाने आधी २००९ ची बाटली पाहावी: तिच्यावरील चित्र मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचे आहे.