नळावरचा थंड सोडा: डीप फ्रीजर, जुना फ्रिज की बर्फाची पेटी?

तोटी फिरवली की ग्लासात फेसाळता जिरा सोडा यावा, अशी सोय घरी, शेतावर किंवा दुकानात करायची, तर तीन रस्ते आहेत. पहिला, आडव्या डीप फ्रीजरवर लाकडी चौकट चढवून तिला तोट्या बसवायच्या. दुसरा, घरातल्या जुन्या फ्रिजच्या दाराला तोटी लावायची. तिसरा, बर्फाच्या पेटीत नळीचं वेटोळं ठेवून त्यातून पेय काढायचं. तिन्ही चालतात, पण खानदेशच्या उन्हाळ्यात तिन्ही सारखे टिकत नाहीत.

ही जुळणी मुळात बिअरसाठीची. अमेरिकेत घरी बिअर करायला १९७८ च्या कायद्याने मोकळीक मिळाली आणि तिकडच्या हौशी लोकांत फ्रीजरची ही युक्ती रुळली. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ आहे. परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे, तेव्हा त्या वाटेला जाऊच नका. जिरा सोडा, लिंबू सोडा, कोकम यांना यंत्र तेच लागतं आणि गणितही तेच.

गणित आधी समजून घ्या, कारण निवड त्यावरच ठरते. पाण्यात कार्बन डायऑक्साइड किती मुरतो ते थंडाव्यावर अवलंबून. हवेच्या साध्या दाबाला ० अंशाचं एक लिटर पाणी सुमारे १.७ लिटर गॅस धरतं, २० अंशाला जेमतेम ०.९ आणि ४० अंशाला अर्ध्या लिटरच्या आसपास. म्हणजे आपल्या मे महिन्यात कोमट पाण्यात कितीही गॅस सोडा, ग्लासात पडताक्षणी तो फेस होऊन उडून जातो. भरलेलं भांडं दोन-चार अंशावर टिकवून धरणारी जुळणी चांगली, बाकी सगळं दुय्यम.

या कसोटीवर डीप फ्रीजर सरस आहे, असं माझं स्पष्ट मत. त्याचं झाकण वर उघडतं आणि थंड हवा जड असल्याने खालीच बसून राहते. फ्रिजचं दार उघडलं की ती पायावर सांडते. पेय भरून त्यात सिलिंडरमधला गॅस सोडायचं स्टीलचं उंच भांडं, ज्याला केग म्हणतात, ते बहुधा १९ लिटरचं असतं. असे चार केग आत असले म्हणजे पाऊणशे लिटर गार पाणीच झालं. झाकण बंद ठेवलं तर दुपारी दोन-तीन तास वीज गेली तरी ते फारसं तापत नाही. शेताच्या फीडरवर जिथे वीज पाळीने येते, तिथे हा गुण सगळ्यात मोठा.

मात्र फ्रीजर फ्रीजरच असतो. त्याचा स्वतःचा थर्मोस्टॅट उणे १८ अंशाकडे धावतो आणि सोडा गोठवून टाकतो. म्हणून बाहेरून तापमान पाहून वीज चालू-बंद करणारा डिजिटल कंट्रोलर लावावा लागतो. तो ३ अंशावर बेतायचा आणि कॉम्प्रेसर बंद होऊन पुन्हा सुरू होण्यात चार-पाच मिनिटांचं अंतर ठेवायचं. सेन्सर आतल्या हवेत लोंबकळू देऊ नका. तो केगच्या अंगाला टेपने चिकटवा आणि वरून फोमचा तुकडा बांधा, नाहीतर झाकण उघडलं की प्रत्येक वेळी कॉम्प्रेसर धडपडतो. तळ गार आणि वरची नळी कोमट, असंही होतं. कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा छोटा पंखा तळाशी ठेवला की हवा फिरते आणि पहिला ग्लास निव्वळ फेसाचा येत नाही.

चौकट सुताराकडून करून घ्या. सहा इंच रुंदीच्या फळ्या, आतून फोमशीट, कडेने सिलिकॉन. बिजागऱ्या चौकटीला आणि झाकण त्यावर. तोट्या या लाकडातूनच काढायच्या, फ्रीजरच्या पत्र्यातून कधीच नाही. बहुतेक डीप फ्रीजरच्या भिंतीत गरम नळ्या फिरवलेल्या असतात. चालू फ्रीजरच्या बाजूवर तळहात ठेवा, ऊब लागेल. तिथे ड्रिल लागलं की गॅस गेला आणि फ्रीजर भंगारात. आता बऱ्याच नव्या यंत्रांत गारवा आणणारा आर-६००ए नावाचा गॅस असतो. तो पेट घेतो, त्यामुळे प्रश्न फक्त पैशांचा राहत नाही.

जुन्या फ्रिजची बाजू अशी की खर्च कमी. थर्मोस्टॅट आधीच तीन-पाच अंशाचा, वेगळा कंट्रोलर नको, चौकट नको. दारात नळ्या नसतात, त्यामुळे दाराला भोक पाडून तोटी बसवणं सोपं. गॅसची नळी बाजूच्या भिंतीतून घ्यायची असेल तर आधी कॉर्नफ्लोअर स्पिरिटमध्ये कालवून पत्र्यावर पातळ लेप द्या आणि फ्रिज चालू करा. नळीवरचा लेप आधी सुकतो आणि तिची वाट उमटते. पण एकदारी फ्रिजमध्ये वरच्या बर्फाच्या खणामुळे सुमारे ६३ सेंटीमीटर उंचीचा केग उभा राहताना मारामार होते, आणि राहिलाच तर एक, फार तर दोन. घरच्या चार माणसांसाठी एवढं पुरे. दुकानासाठी नाही.

बर्फाच्या पेटीला वीज लागत नाही. लग्नाच्या मांडवात, यात्रेत हीच कामाची. १९ लिटर पेय ३५ अंशावरून ४ अंशावर आणायला साधारण साडेसात किलो बर्फ वितळतो. पेटीची गळती धरून दहा किलो घ्या. नुसता बर्फ घालू नका, त्यात पाणी ओता, म्हणजे नळीला सगळीकडून गारवा लागतो. अडचण केगची. तो बाहेर कोमट राहतो, मग गॅस धरून ठेवायला दाब खूप वाढवावा लागतो आणि फेस आवरत नाही. साधं सरबत असेल तर ही पेटी झकास, सोड्याला मात्र केगही बर्फात बसवावा लागतो.

इथे एक धोका मुद्दाम सांगतो. फ्रिज दुरुस्तीवाल्याकडे तांब्याची नळी हाताशी असते आणि तो तिचंच वेटोळं करून देतो. घेऊ नका. सोडा आम्लधर्मी असतो, तो तांबं विरघळवतो आणि ते पोटात जातं. वेटोळं स्टेनलेस स्टीलचंच हवं. तोट्याही पितळेवर मुलामा दिलेल्या नकोत, लिंबू तो मुलामा खातं.

गॅस सिलिंडरबद्दल. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशाच्या वर द्रवरूपात राहत नाही आणि आतला दाब झपाट्याने चढतो. पत्र्याच्या शेडमध्ये, टेम्पोत, उन्हात सिलिंडर ठेवू नका. सावलीत, साखळीने बांधून, उभा ठेवा. बंद खोलीत गळती झाली तर हा वायू जमिनीलगत साचतो आणि माणूस गुदमरतो, म्हणून खिडकी उघडी हवी. फ्रीजरही भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. घरगुती यंत्रं साधारण ४३ अंशाच्या हवेपर्यंतच धरून बनवलेली असतात, आणि भुसावळचा मे त्याच्या पुढे जातो. कमी व्होल्टेजच्या गावात स्टॅबिलायझर घ्याच.

ताकासाठी विचारणारे बरेच असतात. ताक या नळ्यांत घालू नका. दुधाचा अंश आत चिकटतो, दोन दिवसांत वास येतो आणि धुऊनही जात नाही. त्यासाठी माठ किंवा स्टीलची टाकी बरी. सोड्याच्या नळ्याही केग बदलताना गरम पाण्याने आणि खाण्याच्या यंत्रांसाठी असलेल्या क्लीनरने धुवाव्या लागतात.

फ्रीजर घ्यायचा ठरला तर आधी केग आणा. त्याचा व्यास साधारण २२ सेंटीमीटर. पुठ्ठ्याची २३ सेंटीमीटर व्यासाची चकती कापून दुकानात न्या आणि फ्रीजरच्या तळाशी ठेवून पाहा. कॉम्प्रेसरच्या पायरीवर केग उभा केला तर झाकण लागेल का, तेही टेपने मोजा. चौकटीमुळे सहा इंच उंची वाढते हे खरं, पण भरलेला केग २३-२४ किलोचा असतो आणि तो त्या वाढलेल्या उंचीवरून उचलून आत उतरवायचा असतो. घरात उचलणारा एकटाच असेल तर कमी उंचीचा फ्रीजर घ्या.