सोनं-जस्ताचं ठसे यंत्र: घ्यावंच असं

ब्रिटनमधल्या बोटांच्या ठशांच्या प्रयोगशाळेत माझा सगळ्यात जास्त भरवसा बसला तो या निर्वात धातुलेपन यंत्रावर, म्हणजे हवा काढलेल्या पेटीत वस्तूवर धातूचा पातळ थर चढवून ठसे दाखवणाऱ्या यंत्रावर. पावसात भिजलेली प्लॅस्टिकची पिशवी, जिच्यापुढे ठसे उठवायच्या पावडरने हात टेकलेले असतात, ती आत लावायची. हवा उपसली की आधी सोन्याचा डोळ्यांना न दिसणारा थर, मग जस्त. जस्त बसतं ते उघड्या सोन्यावर; ठशातल्या तेलकटपणात सोनं बुडतं, म्हणून तिथे जस्त धरत नाही. आजूबाजूला मात्र करडा थर चढतो आणि रेषा मोकळ्या, स्वच्छ दिसू लागतात. काचेतून बघत जस्त नेमकं कधी थांबवायचं, यातच खरं कसब. जरा जास्त झालं की रेषाही झाकल्या! मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकवर जस्त रुसतं, नीट बसत नाही, तिथे चांदी वापरा. महाग आहे, जागाही खातं. तरी मोठ्या प्रयोगशाळेने घ्यावंच.