चौदाशेचा मल्टिमीटर आणि सेल्फची ‘टक’: आठ महिन्यांनंतर

वडिलांची २००६ सालची पेट्रोल गाडी माझ्याकडे आली ती एक खोड घेऊनच. सकाळी एका चावीत सुरू. पण तासभर चालवून चहाला थांबलो की परत निघताना चावी फिरवावी तर नुसतं ‘टक’. दहा मिनिटं थांबलं की जणू काही घडलंच नाही अशी सुरू. महिन्यातून दोन-तीनदा हे व्हायचं, आणि वायरमनसमोर कधीच नाही.

त्याच्याकडे तीन फेऱ्या झाल्या. आधी नवी बॅटरी, मग सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, खोलून कार्बन आणि बुश. टक कायम. शेवटी चौदाशे रुपयांचा हा डिजिटल मीटर घेतला.

पहिला महिना तो मी चुकीचाच वापरला. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना १४.२. दोन्ही आकडे झकास. अर्थिंगची केबल ओहमवर, म्हणजे तिचा रोध, मोजली, शून्य. मला वाटलं, तीही ठीक. पण ओहम मोजताना मीटर वायरीतून अगदी क्षुल्लक करंट सोडतो; जाड केबलच्या चार तारा शिल्लक असल्या तरी तो शून्यच दाखवणार. सेल्फ मात्र शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. तिथे ०.०१ ओहमचा खराब जोडसुद्धा दीड व्होल्ट गिळतो, आणि एवढा बारीक रोध या मीटरला दिसतच नाही.

म्हणून सेल्फ मारत असतानाच व्होल्ट बघायचे. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल इंजिनच्या ब्लॉकवर, आणि बायकोला म्हटलं, मार सेल्फ. इथे ०.२ च्या आसपास ठीक, माझ्याकडे ०.७. अर्थच्या पट्टीचा बोल्ट काढला तर खाली सगळा गंज. पॉलिश पेपरने घासून घट्ट बसवला, आकडा ०.१५ वर आला. सेल्फचा आवाजसुद्धा बदलला. मी पेढे आणायच्या बेतात होतो. अकराव्या दिवशी पुन्हा टक.

मग मात्र मीटर गाडीतच मुक्कामाला ठेवला. सोलेनॉइड म्हणजे सेल्फवरचा चुंबकी स्विच; त्याच्या बारीक वायरीला, म्हणजे चावी फिरवल्यावर जिथे करंट येतो तिथे, मगर-क्लिप लावून लांब वायर काचेजवळ आणली. या वायरीत सुरुवातीलाच एक अँपिअरचा फ्यूज घाला. ती कुठे बॉडीला घासली तर जळायला नको. पंख्यापासून आणि बेल्टपासूनही लांब बांधा.

तिसऱ्या आठवड्यात सापडली. पेट्रोल पंपावर, मागे रांग, टक. मीटरवर ७.१. तशीच चावी धरून ठेवायला सांगून बॅटरीवर मोजलं तर १२.३. म्हणजे बॅटरी आणि सोलेनॉइड यांच्यामध्येच पाच व्होल्ट हरवत होते. बारीक वायरीवर पूर्ण व्होल्ट येऊनही नुसती टक झाली असती तर दोष सेल्फकडे किंवा त्याच्या जाड केबलकडे गेला असता. इथे तो वाटेत होता. क्लिप एकेक जोड मागे सरकवत इग्निशन स्विचपर्यंत पोचलो; आत जाताना बारा, बाहेर येताना आठ. अठरा वर्षं घासलेले कॉन्टॅक्ट. सोलेनॉइडला ओढून घेताना तीस-चाळीस अँपिअरही लागू शकतात आणि माझ्या गाडीत ते सगळे या स्विचमधून जात होते. इंजिन तापलं की सोलेनॉइडच्या तांब्याचा रोधही वाढतो, त्यामुळे आधीच उपाशी असलेला तो गरम गाडीत हात टेकायचा.

स्विचचा मागचा भाग बदलला आणि सोलेनॉइडसाठी वेगळा रिले बसवून घेतला, म्हणजे मोठा करंट चावीच्या स्विचऐवजी त्यातून जातो. पाच महिने झाले, टक नाही.

आता मीटरबद्दल. आकडे विश्वासाचे, पण सेकंदाला दोन-तीनदाच बदलतात, त्यामुळे सेल्फ मारताना व्होल्टला पडणारा क्षणिक खड्डा मिन-मॅक्सलाही (सगळ्यात कमी-जास्त आकडा लक्षात ठेवायची सोय) हुकतो. मगर-क्लिपा सोबत येत नाहीत, ऐंशी रुपयांना वेगळ्या घेतल्या. दहा अँपिअरच्या भोकात पिन लावून सेल्फचा करंट मोजायला जाऊ नका, फ्यूज तरी उडेल नाहीतर मीटर. करंट मोजायचाच असेल तर वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा क्लॅम्प मीटर घ्या, आणि तो डीसी अँपिअर मोजतो का ते दुकानातच विचारा. स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात.

सगळ्यात वैताग दिला तो पंधरा मिनिटांनी आपोआप बंद होण्याने. दोनदा टक झाली तेव्हा साहेब झोपलेले. एक बटण दाबून ठेवून मीटर चालू केला की तो झोपत नाही, हे मला दुसऱ्या महिन्यात कळलं. त्यानंतर लगेच तो रात्रभर चालू राहिला आणि नऊ व्होल्टची बॅटरी संपली.