नेक्रोपोलिस: सहा महिन्यांत दोनदा वाचून झाल्यावर

वॉरहॅमर 40,000 च्या पसाऱ्यात कुठून शिरायचं, याचं माझं उत्तर आता पक्कं आहे: 'गॉन्ट्स घोस्ट्स' मालिकेतून. आणि तिथंही तिसऱ्या कादंबरीपर्यंत, म्हणजे डॅन ॲबनेटच्या 'नेक्रोपोलिस'पर्यंत (2000), पोचल्याशिवाय मत बनवू नका.

हे विश्व मुळात 1987 साली आलेल्या, टेबलावर छोटे सैनिक मांडून खेळायच्या खेळाचं. त्यावर अनेक लेखक लिहितात. एकत्र कुटुंबात स्वयंपाकघर सगळ्यांचं असतं, त्यामुळे तिथं कुणालाच मनासारखी मांडामांड करता येत नाही. अशा मालिकांचंही बरेचदा तसंच होतं. ॲबनेटनं 1999 च्या पहिल्या पुस्तकापासूनच सॅबॅट वर्ल्ड्स नावाच्या ग्रहसमूहाचा आपला कोपरा वेगळा काढून घेतला. त्यामुळे आधीचं फार माहीत असावं लागत नाही. सम्राट, त्याचं जुनं झालेलं साम्राज्य आणि केऑस या विनाशक शक्तीच्या बाजूला गेलेले फितूर, एवढ्यावर भागतं.

टॅनिथ हा ग्रह, मालिकेतली 'घोस्ट्स' पलटण तिथं उभी राहिली त्याच दिवशी, नष्ट झाला. वाचलेले शिपाई कमिसार (शिस्त आणि निष्ठा राखणारा अधिकारी) इब्राम गॉन्टच्या हाताखाली लढतात. जंगलात वाढलेले, माग काढण्यात तरबेज, अंगावर आसपासच्या रंगात मिसळणारा झगा आणि कमरेला सरळ पात्याची रुपेरी सुरी. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र ज्या गावात आहे त्या बेळगावातल्या वाचकाला हलकं पायदळ म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. 'नेक्रोपोलिस'मध्ये याच चपळ माणसांना एका अवाढव्य शहराच्या तटावर उभं केलं जातं, आणि कादंबरीचा पहिला ताण तिथंच तयार होतो: माणसं उत्तम, पण काम त्यांचं नव्हे.

ते शहर व्हर्व्हनहाइव्ह. बाहेर कामगारांच्या वस्त्या, मग तट, आत कारखाने, मधोमध आकाशात गेलेला बालेकिल्ला, आणि सगळ्यावर ऊर्जेच्या ढालीचं छत. शेजारच्या झोइका शहराची फौज चालून येते. ढाल चढते, पण बाहेरच्या वस्त्या उघड्यावर राहतात आणि माणसांचे लोंढे वेशीकडे धावतात. वेढ्याचं वर्णन इथं खरं वाटतं, कारण ॲबनेट तोफांइतकंच लक्ष निर्वासितांची गर्दी, कोंडलेले रस्ते आणि सरदारघराण्यांचे मानपान यांना देतो. कुणाचा हुकूम कुणी मानायचा यावरच अर्धी ताकद खर्ची पडते.

सगळ्यात जमलेली गोष्ट ढालीची. तिचा ताबा एकट्या साल्व्हाडोर सोंडारकडे, म्हणजे शहराच्या प्रमुखाकडे. तो टाकीत तरंगत असतो, शहराची यंत्रं थेट त्याच्या मेंदूला जोडलेली. शत्रू अखंड कुजबुज सोडत राहतो. आपल्या बखरींत किल्लेदार फितूर होतो तो मोहरांसाठी किंवा जहागिरीसाठी. इथं किल्लेदाराचं मनच थोडं थोडं झिजवलं जातं. दुसऱ्या वाचनात हे भाग सावकाश वाचा. पुढं काय होणार हे माहीत असूनही धडधड कमी होत नाही.

दुसरं बळ गोल कोलियाचं. तो खाणकामगार, सतरा नंबरच्या खोल खाणीतला. शहर ढासळायला लागल्यावर खाणकामगार आणि मागावर काम करणाऱ्या बाया हाताला लागेल ते घेऊन तुकड्या उभ्या करतात. खाणीतली दाताळी-कुऱ्हाड हेच कोलियाचं शस्त्र. लढाई तटावरून पडक्या इमारतींत शिरते तेव्हा टॅनिथचे माग काढणारे आणि हे लोक एकमेकांना पूरक ठरतात. पुढं यांच्यातलेच स्त्री-पुरुष पलटणीत भरती होतात, आणि फक्त घटत जाणारी पलटण पहिल्यांदा वाढते. पंधरा कादंबऱ्यांची मालिका (शेवटची 'अनार्क', 2019) तगली ती या भरतीमुळे, असं माझं ठाम मत आहे.

आता खटकलेलं. शत्रूला चेहरा नाही. त्यांचा म्होरक्या हेरिटर ॲस्फोडेल नावापुरताच भेटतो, आणि एवढ्या संथ बांधलेल्या वेढ्याचा शेवट घाईत उरकलाय. सुरुवातीला नावांचा भडिमार आहे, त्यामुळे खूण घालायच्या कागदावरच नाव, हुद्दा आणि घराणं लिहीत जा. ई-बुकच्या शब्दकोशात या विश्वातले शब्द सापडत नाहीत. हॅब म्हणजे कामगारांची चाळ, व्हॉक्स म्हणजे बिनतारी, एवढं लक्षात ठेवलं की अडत नाही. मालिकेतलं दुसरं पुस्तक 'घोस्टमेकर' सुट्या कथा जोडून केलंय, कमीजास्त आहे, पण लार्किन, ब्रॅग, म्कोल ही माणसं तिथंच कळतात. ते गाळू नका.

पहिल्या तिन्ही कादंबऱ्यांचा 'द फाउंडिंग' हा एकत्र खंड घेतला तर तो जाड आणि डिंकाच्या बांधणीचा असतो. नवा असताना पहिली थोडी पानं, मग शेवटची थोडी, असं दोन्हीकडून आलटून-पालटून उघडत मध्यापर्यंत या. एकदम मधोमध दाबलात तर पाठ तिथंच तडकते. बेळगाव-खानापूरच्या पावसात कागद ओल धरतो. खंड भिंतीला टेकवू नका, तिरकाही ठेवू नका. उभा ठेवा, मागं हवा खेळू द्या, आणि फडताळात सिलिका जेलच्या पुड्या टाका.

यानंतर 'ऑनर गार्ड' (2001) लगेच घ्या. याच शहरातल्या टोना क्रीडनं ढिगाऱ्यांतून वाचवलेल्या दोन पोरांचा धागा पुढं कितीतरी पुस्तकं चालतो, आणि मध्ये वर्ष गेलं तर ती पोरं कोण हे आठवायला पुन्हा इथंच यावं लागतं.