काश्मीर ते कन्याकुमारी आणि त्यानंतर पुण्याचा पावसाळा: पोलादी टूरिंग सायकलचा अनुभव

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये श्रीनगरहून निघून राष्ट्रीय महामार्ग ४४ ने कन्याकुमारीपर्यंत, म्हणजे सुमारे ३,७०० किलोमीटर, मी ही सायकल चालवली आणि तेव्हापासून पुण्यात रोजच्या कामालाही तीच वापरते आहे. फ्रेम क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या मिश्र) पोलादाची, चाके २६ इंची, पुढे तीन चेनव्हील (पॅडलजवळची दातेरी चक्रे), मागे नऊ गिअर आणि रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे व्ही-ब्रेक अशी तिची रचना आहे. प्रवासात मागच्या कॅरिअरवर दोन पॅनिअर बॅगांत (कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांत) पंधरा किलोच्या आसपास सामान होते. सायकल घेताना आपण तिचे वजन आणि गिअरची संख्या विचारतो. या प्रवासानंतर माझ्यापुरता निकष वेगळा झाला आहे: एखादा भाग बिघडला, तर तो तालुक्याच्या गावी दुरुस्त होईल की नाही?

चाकाच्या मापापासूनच हा प्रश्न सुरू होतो. हल्लीच्या बऱ्याच टूरिंग आणि हायब्रिड सायकलींच्या ७००-सी चाकाचा टायर ६२२ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो, तर खेडोपाडी मिळणारा जुन्या काळ्या सायकलीचा २८ इंची टायर ६३५ मिलिमीटरचा असतो. त्यामुळे हाताशी टायर असूनही तो उपयोगाचा नसतो. २६ इंची टायर मात्र पोरांच्या रेंजरछाप सायकलींमुळे बहुतेक ठिकाणी मिळतो. ट्यूबचा वॉल्व्हही मुद्दाम मोटारसायकलसारखाच घेतला होता आणि हवा पेट्रोल पंपावर भरता आली.

पंक्चरबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण महामार्गावर काचेचा किंवा काट्यांचा त्रास फारसा होत नाही. खरा त्रास फुटलेल्या ट्रक-टायरांमधून निघणाऱ्या पोलादी तारांच्या तुकड्यांचा होतो. केसाएवढी बारीक ही तार रस्त्याकडेच्या पट्टीवर पडलेली असते, टायरच्या आतल्या संरक्षक थरातूनही हळूहळू आत सरकते आणि वरून दिसत नाही. हिंगणघाटला एकच ट्यूब लागोपाठ बसू लागली, तेव्हा मी टायरच बदलायचे ठरवले होते. टपरीवरच्या मिस्त्रीने टायर हातात घेऊन “टायर चांगला हाये ताई, तार आतच हाये” असे म्हटले, कापसाचा बोळा टायरच्या आतल्या बाजूने सावकाश फिरवला आणि जिथे कापसाचे तंतू अडकले तिथून चिमट्याने तार ओढून काढली. बोटाने चाचपून मला ती सापडली नव्हती. तेव्हापासून थोडा कापूस आणि भुवया कोरायचा चिमटा पंक्चरच्या डबीत कायमचा आहे.

मूळच्या मागच्या चाकाबद्दल मात्र तक्रार आहे. सागरच्या पुढे उजव्या बाजूचे, म्हणजे गिअरच्या बाजूचे, स्पोक चाकाच्या मध्याजवळच्या वाकापाशी तुटू लागले. त्या बाजूचा स्पोक घालायला आधी कॅसेट (मागच्या गिअरचक्रांचा संच) काढावी लागते आणि तिचे हत्यार साध्या दुकानात नसते. ते छोटे हत्यार जवळ होते आणि मोठा पाना लखनादोनजवळ एका ट्रॅक्टर गॅरेजात मिळाला. नागपूरला एका जुन्या कारागिराकडून सगळे स्पोक नवे घालून चाक हाताने बांधून घेतले. त्यानंतर एकही स्पोक तुटलेला नाही आणि चाकाचा आउटही (वाकडेपणा) काढावा लागलेला नाही. सामान लादून जाणार असाल, तर हे काम निघण्यापूर्वीच करून घ्यावे.

गिअर अपेक्षेपेक्षा चांगले निघाले. पुढचे लहान चेनव्हील २२ दात्यांचे आणि मागचे मोठे ३४ दात्यांचे, त्यामुळे पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम १.३ मीटर पुढे जाते. रामबनहून बटोटमार्गे पटनीटॉपला जुन्या रस्त्याने चढताना याचे मोल कळते. उधमपूरकडच्या उतारावर व्ही-ब्रेकने नीट साथ दिली, मात्र रिम तापते म्हणून मधे थांबावे. वाटेतल्या कुद गावी तिथली पतिसा ही मिठाई खाण्यासाठी थांबले, तर दोन्ही कामे होतात.

पुढच्या हबमधला (चाकाच्या मधल्या तुंब्यातला) वीज तयार करणारा डायनॅमो हा मला अनावश्यक खर्च वाटतो. तो ६ व्होल्ट आणि ३ वॉट देतो, चढावर फोन चार्ज होत नाही आणि ढाब्यावर जेवण होईपर्यंत तोच फोन फुकट चार्ज होतो. त्याच्यावर चालणारा दिवा मात्र पंजाब-हरियाणातल्या धुरकट सकाळी उपयोगी पडला आणि आता पुण्यात संध्याकाळी रोज पडतो. चामड्याचे सीट सुरुवातीला फार टोचते, नंतर अंगाला बसते; पण त्याला पाणी चालत नाही. तमिळनाडूत नोव्हेंबरच्या पावसात त्यावर सतत प्लॅस्टिक बांधावे लागले आणि यंदाच्या पावसाळ्यात जिन्याखाली उभ्या सायकलीच्या सीटवर बुरशी आली.

पॅनिअर बॅगांचे कापड उत्तम आहे, पाण्याचा थेंब आत गेला नाही. मात्र प्लॅस्टिकचा हूक करूरच्या अलीकडे तुटला. कंपनीने “महामार्गावरचे हादरे वॉरंटीत बसत नाहीत” असे कळवले. टूरिंगची म्हणून विकलेली बॅग महामार्गावर न्यायची नाही, तर कुठे न्यायची? मदुराईच्या एका चांभाराने चामड्याचा पट्टा शिवून दिला आणि बॅग अजून त्यावरच लटकते आहे.

प्रवासानंतर चेन आणि कॅसेट बदलली. पावसाळ्यातल्या चिखलाने ब्रेकची रबरे महामार्गापेक्षा लवकर झिजली आणि बॉटम ब्रॅकेट (पॅडलच्या दांड्या ज्यावर फिरतात तो बेअरिंगचा भाग) आता कुरकुरू लागले आहे. तेही साध्या मापाचे असल्याने दुकानात लगेच मिळेल. सायकल जड आहे, जिन्यावरून उचलून न्यायला नकोशी होते. रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत झपाट्याने जाऊन यायचे असेल, तर ही घेऊ नका. सामानासह लांब जायचे असेल, तर मागचे चाक बांधून घेऊन आणि डायनॅमो वगळून हीच घ्यावी.